खलनायकाची परतवाट



ज्यांच्या स्मरणार्थ डोंबिवलीतलं हे व्याख्यान दरवर्षी होतं, ते सर चित्रकला शिकवायचे. परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकायचा, अशी अनेक शाळांची रीत असताना त्यांनी आपला तास कधी कुणाला दिला नाही. त्यांचा एक आग्रह होता. राम मन लावून काढणाऱ्या मुलाने रावणही तितक्याच निगुतीनं काढला पाहिजे. लाल डोळे, वेडेवाकडे दात, एवढ्यावर रावण उरकलेला दिसला की ते कागद परत करायचे. म्हणून व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी विषय विचारला तेव्हा मी खलनायक हा विषय सांगितला. तोही व्हिडिओ गेममधला, आणि त्यातही एकदा हरून न संपणारा, पुढच्या भागात पुन्हा समोर उभा राहणारा.

ॲनिमेशन आणि गेमसाठी पात्रं काढणं हे माझं रोजचं काम आहे. या धंद्यात असं मानलं जातं की खलनायक जितका अजिंक्य, तितका तो टिकतो. माझं मत नेमकं उलटं आहे. ज्याला हरवायची रीत ठरलेली आहे, आणि ती रीत समोरच्या लहान मुलालाही समजते, तोच खलनायक पुन्हा पुन्हा येऊ शकतो. बाकीचे एकदाच घाबरवतात. आणि ही रीत ठरवण्याची कारागिरी आपल्याकडे व्हिडिओ गेम येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे, हे मला आज तुमच्यापुढे मांडायचं आहे.

नव्वदच्या दशकात डोंबिवली-कल्याणच्या घरांत जे व्हिडिओ गेम आले, ते बहुतेक निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या यंत्राच्या नकला होत्या. स्टेशनबाहेरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळायचे, टीव्हीला अँटेनाच्या जागी जोडायचे. सोबतच्या कॅसेटवर '९९९९ इन १' असं छापलेलं असायचं आणि आत मोजकेच खेळ फिरून फिरून यायचे. कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची. त्या खेळांतला मारिओ सगळ्या घराचा होता. कॉन्ट्रा मोठी मुलं खेळायची, पण मारिओ आजीही बघत बसायची.

त्यात पहिल्या जगाच्या चौथ्या टप्प्याला किल्ला लागतो. खाली लाव्हा, वर पूल, पुलावर तोंडातून आग टाकणारा बाउझर. आमच्या इमारतीत सगळे त्याला ड्रॅगन म्हणायचे. पुलाच्या टोकाला एक कुऱ्हाड असते. त्याच्यावरून उडी मारून किंवा त्याच्या खालून निसटून कुऱ्हाडीला हात लावला की पूल कोसळतो आणि तो लाव्ह्यात पडतो. पुढच्या जगाच्या शेवटी पुन्हा किल्ला, पुन्हा पूल, पुन्हा तोच. असे आठ किल्ले.

आता यातली गंमत बघा. पहिल्या सात किल्ल्यांतला बाउझर खरा नसतोच. मारिओकडे आगीचे गोळे असतील आणि कुऱ्हाडीकडे न पळता तुम्ही थांबून पाच गोळे त्याला मारलेत, तर पडताना त्याचं सोंग उतरतं. पहिल्या किल्ल्यात आतून निघतो गूंबा, म्हणजे खेळाच्या सुरुवातीला भेटणारा सगळ्यात क्षुल्लक शत्रू. दुसऱ्यात कासव. पुढे काटेरी प्राणी, ढगावर बसणारा लाकिटू, पाण्यातला ब्लूपर, सातव्यात हातोडे फेकणारा. खरा बाउझर फक्त आठव्या किल्ल्यात. पण त्या खेळात कुठवर आलो हे साठवून ठेवायची सोय नव्हती. वीज गेली किंवा बाबांनी बातम्या लावल्या की पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या जगातून थेट आठव्यात नेणारी छुपी वाट ज्यांना कुणीतरी दाखवली होती, त्यातले थोडे शेवटपर्यंत पोहोचले. बाकी पोरं वर्षानुवर्षं सोंगाशीच लढली. आणि तरी त्यांच्या डोक्यात खलनायक पक्का बसला, कारण त्याला हरवायची रीत आठही ठिकाणी एकच होती.

हे का जमलं, हे समजायचं असेल तर हाताशी किती थोडं होतं ते बघावं लागेल. सप्टेंबर १९८५ मध्ये जपानात निघालेला हा अख्खा खेळ ४० किलोबाइटचा होता. आज तुमच्या फोनवर आलेला 'शुभ सकाळ'चा एक फोटो याहून जड असतो. चित्रांसाठी त्यातले फक्त ८ किलोबाइट. आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं एकाच आकाराची आहेत, रंग तेवढा बदललेला, कारण दोन आकार ठेवायला जागा नव्हती. हलणाऱ्या आकृतीला तीनच रंग. बाउझर इतरांपेक्षा इतका मोठा होता की त्या यंत्रात त्याला एक शत्रू म्हणून ठेवताच येईना. म्हणून त्याचा पुढचा भाग एक शत्रू आणि मागचा भाग दुसरा शत्रू असे दोन जोडून चालवले आहेत. आठ वेगळे राक्षस काढायला जागा नव्हती, म्हणून एकच राक्षस आठ वेळा आणला, आणि त्यातल्या सातांना सोंग ठरवून ते पुन्हा येणं कथेत बसवलं. अडचणीला कारण देणं, ही कारागिरी आहे. अनेक मोठ्या बजेटच्या खेळांत मला ती आज दिसत नाही.

बाउझरचा जन्म सांगायला हवा, कारण त्यातला एक धागा आपल्या दारावरून गेलेला आहे. शिगेरू मियामोतो हा त्याचा कर्ता. त्याचा पहिला खलनायक १९८१ चा डाँकी काँग. मुळात पॉपायच्या पात्रांवर खेळ करायचा होता, परवानगी मिळाली नाही, म्हणून ब्लूटोच्या जागी एक माकड आलं. चार वर्षांनी मारिओसाठी मियामोतोच्या मनात होता बैलराजा. लहानपणी बघितलेल्या तोएई स्टुडिओच्या १९६० सालच्या 'सैयुकी' या ॲनिमेशनपटातला. खेळाच्या पहिल्या खोक्यावरचं चित्र मियामोतोनं स्वतः काढलं आहे. त्यातला बाउझर निळसर राखाडी आहे आणि आज आपण ओळखतो त्याच्याशी त्याचं फारसं साम्य नाही. सहकारी ताकाशी तेझुकानं ते बघून म्हटलं की हा बैल वाटत नाही, कासव वाटतो. खेळातली फौज कासवांचीच होती. मग तोएईतून ॲनिमेशन शिकून आलेले योइची कोताबे आणि तेझुका यांच्या हातून कासवांचा राजा उभा राहिला. पाठीवर कवच, कवचावर काटे, डोक्यावर मात्र बैलाची शिंगं राहिली. जपानीत त्याचं नाव कुप्पा, एका कोरियन भाताच्या पदार्थावरून ठेवलेलं.

'सैयुकी' ही सोळाव्या शतकातल्या एका चिनी कादंबरीची जपानी आवृत्ती. ती कादंबरी एका बौद्ध भिक्षूच्या भारतयात्रेवर रचलेली, आणि बैलराजा हा त्या काल्पनिक प्रवासात वाट अडवणारा राक्षस. तो खरा भिक्षू म्हणजे आपण शाळेत शिकलेला ह्युएन त्संग. सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या काळात तो महाराष्ट्रात येऊन गेला. इथल्या लोकांबद्दल त्यानं लिहून ठेवलं की उपकार केले तर हे विसरत नाहीत, आणि अपमान केला तर सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत, पण सूड घेण्याआधी शत्रूला सावध करतात. खलनायकावर काम करणाऱ्या माणसाला हे वाचून थांबावंसं वाटतं. शत्रूला आधी सावध करणं! गेम रचणाऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर राक्षसाने हल्ला करण्याआधी खूण द्यायला हवी. बाउझर आग टाकण्याआधी तोंड उघडतो. ते उघडलं नसतं तर सात वर्षांच्या मुलाला उडी मारायची वेळ कळली नसती आणि त्यानं रागानं रिमोट फेकला असता.

काट्यांचंही तसंच आहे. त्या खेळात शत्रूच्या डोक्यावर उडी मारून त्याला चिरडायचं असतं. बाउझरच्या पाठीवर काटे दिसले की मूल न सांगता समजतं, याच्यावर उडी मारून चालायचं नाही. १९९६ साली खेळ त्रिमितीत गेला तेव्हा त्याच्या शेपटीला धरून गरगर फिरवायचं आणि फेकून द्यायचं अशी नवी रीत आली. ती शेपूट आधीपासून होतीच. तिचा उपयोग नंतर सापडला. नीट घडवलेल्या आकृतीत अशा वापरायच्या राहिलेल्या जागा शिल्लक असतात. म्हणून चाळीस वर्षं झाली तरी त्याला नव्यानं काढावं लागत नाही.

आता आपल्याकडे येऊ. नवरात्रात कल्याणला दुर्गाडीवर जत्रा भरते, ठाण्यात टेंभी नाक्याला गर्दी असते, आणि डोंबिवलीत तर गल्लोगल्ली मांडव. मोठ्या माणसांचं लक्ष देवीकडे असतं. लहान मूल मात्र मांडवात शिरलं की आधी पायाशी बघतं. तिथे महिषासुर असला तर ते तिथून हलत नाही. देवीमाहात्म्यातली लढाई कुणी गेम रचणाऱ्याच्या नजरेनं वाचावी. महिषासुर आधी रेडा असतो. पाशात सापडला की सिंह होतो. सिंहाचं डोकं उडवलं की तलवार घेतलेला माणूस, मग हत्ती, मग पुन्हा रेडा, आणि शेवटी रेड्याच्या तोंडातून अर्धा बाहेर आलेला असताना मारला जातो. प्रत्येक रूप बदललं की देवीचं शस्त्रही बदलतं. आजच्या कुठल्याही खेळातल्या शेवटच्या राक्षसाची लढाई अशीच टप्प्याटप्प्यांनी रचलेली असते. मूर्तिकारांनी यातला नेमका शेवटचा क्षण उचलला, कारण त्यात एकाच आकृतीत दोन्ही रूपं दिसतात. सोंग अर्धं उतरलेलं असतानाचा राक्षस! जपानी खेळात कुंभारकाम नव्हतं, ठिपके होते. युक्ती एकच आहे.

आणि शिमग्याचा संकासुर. इथे बसलेल्यांत रत्नागिरीकडची मंडळी पुष्कळ असतील, त्यांना वेगळं सांगायला नको. दशावतारातल्या कथेत तो वेद चोरतो आणि विष्णूच्या हातून मरतो. पण गुहागरकडे शिमग्यात तो खेळ्यांबरोबर घरोघर फिरतो तेव्हा त्याचं रूप बघा. अंगभर काळा झगा, डोक्यावर उंच टोकदार टोपी, काळ्या चेहऱ्यावर पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. पोरं त्याला चिडवतात, तो मागे लागतो, पोरं किंचाळत पळतात, आणि त्याच घरातली आजी त्याला नमस्कार करते, नवस बोलते. पात्र म्हणून हा मला आपल्याकडचा सगळ्यात पूर्ण खलनायक वाटतो. वाडीत वीज नसताना, कंदिलाच्या उजेडात, लांबून फक्त टोपी दिसली तरी कोण येतंय ते कळावं आणि दिसायच्या आधी घुंगरं ऐकू यावीत, अशी त्याची रचना आहे. आमच्या धंद्यात नव्या पात्राची परीक्षा अशीच घेतात. आकृती पूर्ण काळी भरायची, आतले सगळे तपशील पुसायचे, आणि तरी ती ओळखू येते का ते बघायचं. संकासुर त्या परीक्षेत पिढ्यान्‌पिढ्या पास होतो आहे. गोव्यातले नरकासुराचे पुतळे आकाराने त्याच्या कितीतरी पट असतात, पण ते दरवर्षी नव्यानं बांधून एका रात्रीत जाळायचे. त्यांचा नरकासुर एक आहे, चेहरा एक नाही. संकासुराचा चेहरा ठरलेला आहे आणि तो दरवर्षी त्याच दारात येतो.

रंगभूमीवर आपल्या मुलांना असा ठरलेला चेहरा दिला तो रत्नाकर मतकरींनी. 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण. दिलीप प्रभावळकरांनी ती पूर्वी केली, आणि २०१८ साली नाटक नव्यानं आलं तेव्हा वैभव मांगले यांनी. दोन्ही वेळा पुरुषानं केलेली चेटकीण. गडकरी रंगायतनला, कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात, इथल्या सावित्रीबाई फुले कलामंदिरात ती बघायला आलेल्या मुलांना बघणं हा माझ्यासाठी अभ्यासच होता. चिंची स्वतःच्या हुशारीची स्वतःच तारीफ करते. पहिल्यांदा ती तसं म्हणते तेव्हा मुलं घाबरलेली असतात. पुढच्या वेळी काही मुलं तिच्याबरोबर म्हणतात. मग सगळं प्रेक्षागृह. मुलांना तिचं पुढचं वाक्य आधी कळू लागलं की भीती जात नाही, पण भीतीत मुलांचा वाटा येतो. बाउझरच्या उघडणाऱ्या तोंडाचं काम चिंचीचं हे वाक्य करतं.

प्रभावळकरांचं नाव आलं म्हणजे तात्या विंचूकडे जावंच लागेल, आणि खरं तर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते त्याच्याविषयी.

महेश कोठारे यांनी १९८९ च्या 'थरथराट'मध्ये टकल्या हैवान आणला, १९९० च्या 'धडाकेबाज'मध्ये कवट्या महाकाळ, आणि १९९३ च्या 'झपाटलेला'त तात्या विंचू आणि त्याचा साथीदार कुबड्या खविस. ही नावं ज्या पिढीनं पोटभर उच्चारली ती पिढी आता चाळिशीत आहे आणि इथे बसलेली आहे. प्रत्येक नावाचा अर्धा भाग शेजारच्या वाड्यातला आणि अर्धा भाग स्मशानातला. टकल्या, कवट्या, कुबड्या, म्हणजे ज्याला पोरं रस्त्यात हाक मारतील असं काहीतरी, आणि मागोमाग अंगावर काटा. तात्या तर घरातलाच माणूस. मूल हे नाव घेऊन खेळू शकतं, खेळता खेळता घाबरू शकतं. हॉलिवूडच्या १९८८ सालच्या 'चाइल्ड्स प्ले'तला चकी ही याची जवळची प्रेरणा, हे उघड आहे. मेलेल्या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो, आणि माणूस व्हायचं असेल तर ज्याला त्यानं आपलं गुपित पहिल्यांदा सांगितलं त्याच्याच शरीरात जायला हवं, हा नियमही तिकडचाच.

मग कोठाऱ्यांनी स्वतःचं काय केलं? चकी दुकानात मिळणारं खेळणं आहे. तात्या विंचू बोलकी बाहुली आहे. हा फरक फार मोठा आहे. महाराष्ट्राला बोलक्या बाहुल्या ठाऊक होत्या. यशवंत पाध्ये यांचा अर्धवटराव शंभर वर्षांहून जुना, आणि रामदास पाध्ये यांनी तो घराघरांत पोहोचवला. बाहुला बोलतो यात आपल्या मुलांना काही विचित्र वाटत नव्हतं. तो वात्रट बोलणार, मोठ्या माणसाची फजिती करणार, आपण हसणार, हे ठरलेलं होतं. लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या या सिनेमात अशा बाहुल्यांच्या नादी लागलेला. म्हणजे ज्या बाहुल्यावर सगळ्यांनी आधीपासून विश्वास टाकलेला, त्याच बाहुल्याच्या आत खुनी बसवला. आणि तो घडवायला दिला तो रामदास पाध्ये यांच्याच हातात.

बोलक्या बाहुल्याचं डोकं जवळून बघितलं असेल तर आठवा. डोकं पोकळ असतं आणि एका दांड्यावर बसवलेलं. खालचा जबडा वेगळा कापलेला, त्यामुळे ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपासून हनुवटीपर्यंत दोन उभ्या फटी दिसतात. दांड्यातून आलेल्या दोऱ्या किंवा खटके कलावंताच्या बोटांत. एक ओढला की जबडा पडतो, दुसरा ओढला की बुबुळं सरकतात, तिसऱ्यानं भुवया. हात पाठीतून आत गेलेला. रामदास पाध्ये मेकॅनिकल इंजिनियर आहेत, आणि ही यंत्रणा त्यांच्या शिक्षणाला साजेशी आहे. पण चेहऱ्याची अडचण यंत्रणेत नसते. बाहुल्याचा चेहरा एकदा रंगवला की कायमचा तोच राहतो. त्याला रागही त्याच चेहऱ्यावर दाखवायचा, लाडही त्याच चेहऱ्यावर. म्हणून चांगला बाहुला करणारा चेहरा पूर्ण रागीट करत नाही, पूर्ण हसराही नाही. मधला ठेवतो. बुबुळं थोडी सरकली आणि भुवई उचलली की उरलेलं काम बघणाऱ्याचं मन करतं. तात्या विंचू ज्या प्रसंगांत काहीच करत नाही, नुसता बसून असतो, ते प्रसंग मला आजही सगळ्यात भीतिदायक वाटतात, आणि त्याचं श्रेय या मधल्या चेहऱ्याला आहे. त्यावर प्रभावळकरांचा आवाज. माणूस असतानाचा तात्याही तेच, बाहुल्याचा आवाजही तेच. उंची लहान मुलाची, आवाज मुरलेल्या गुंडाचा.

त्याला हरवायची रीत बघा. दोन भुवयांच्या मध्ये गोळी लागली तरच तो मरतो. बाबा चमत्कार या मांत्रिकाकडून मिळवलेला मंत्र त्याला परत आणतो, आणि 'ओम फट स्वाहा' तर इतकं पोरांच्या तोंडी बसलं की शाळेच्या मैदानात आउट झालेला गडी ते म्हणून पुन्हा खेळायला यायचा. म्हणजे १९९३ साली, घरातल्या व्हिडिओ गेमवर बाउझरला हरवणाऱ्या मुलांना कोठाऱ्यांनी तसाच खलनायक दिला. एक नेमकी कमजोर जागा, एक मंत्र, एक ठरलेलं सावज. चित्रपट बघून बाहेर पडलेल्या सात वर्षांच्या मुलाला हे सगळे नियम पाठ असत. २०१३ साली 'झपाटलेला २' थ्रीडीत आला तेव्हा लक्ष्मीकांत बेर्डे हयात नव्हते, नायक पुढच्या पिढीचा होता, तंत्र बदललं होतं. तात्या आणि त्याचा आवाज तेवढा तसाच होता, आणि तेवढ्यावर लोक आले. थ्रीडीमुळे बाहुला पडद्याबाहेर येतो याचं मला फारसं कौतुक वाटलं नाही. तात्या जवळ येण्यापेक्षा खोलीच्या कोपऱ्यात बसलेला असताना जास्त घाबरवतो.

परत येण्याची रीत बिघडली की काय होतं, त्याचं एक उदाहरण थोडक्यात. आपल्याकडच्या गेम पार्लरमध्ये 'टेकन ३' खेळलेल्यांना हेइहाची मिशिमा आठवत असेल. डोक्याच्या दोन बाजूंना शिंगांसारखे उभे केस, लांबून सावलीतही ओळखू येणारा म्हातारा. १९९४ पासूनची ही बाप-लेकाच्या वैराची कथा. बापानं मुलाला कड्यावरून फेकलं, मुलानं मोठं होऊन बापाला. दोघंही परत येतात, आणि कडा हीच त्या कथेची खूण होती. सातव्या भागात मुलगा बापाला ज्वालामुखीत टाकतो, आणि आता हा खरंच मेला असं निर्मात्यांनी ठसवून सांगितलं. त्याचा जपानी आवाज देणारे दाइसुके गोरी २०१० साली गेले होते, पुढचे उन्शो इशिझुका २०१८ साली गेले. आणि २०२४ मध्ये आठव्या भागात हेइहाची परत आला. मला हे पटलं नाही. कड्यावरून परत येणं त्या कथेच्या नियमात होतं. मेला म्हणून शोक करायला लावून परत आणणं हा खेळाडूच्या विश्वासाचा भंग आहे. संकासुर गेला म्हणून कुणी सुतक पाळत नाही, तो पुढच्या शिमग्याला येणार हे गावाला माहीत असतं.

आपल्या मातीतल्या गेमबद्दल बोलल्याशिवाय मला थांबता येणार नाही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० साली 'राजी' काढला. लोकवर्गणीचा त्यांचा २०१७ चा प्रयत्न अपुरा पडला होता, तरी त्यांनी खेळ पुरा केला, आणि जगभर तो खेळला गेला. डोंबाऱ्याच्या खेळात वाढलेली मुलगी, असुरांनी पळवलेला तिचा धाकटा भाऊ, कथा सांगणारे दुर्गा आणि विष्णू, मधले प्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपात. राजस्थानी वाडे आणि किल्ले इतक्या प्रेमानं काढले आहेत की खेळ थांबवून बघत राहावं. पण खलनायक महाबलासुर माझ्या मनात तसा राहिला नाही. तो मोठा आहे, बलाढ्य आहे, पण बाउझरच्या कुऱ्हाडीसारखं किंवा तात्याच्या भुवयांसारखं, मुलाच्या तोंडी बसेल असं त्याचं काही मला सापडलं नाही. हे मी उणं काढण्यासाठी सांगत नाही. पहिल्या खेळात नायिका उभी करणंच किती अवघड होतं, ते काम करणाऱ्याला कळतं. दुसऱ्या खेळात खलनायकाला तेवढाच वेळ मिळावा, एवढीच इच्छा आहे.

या सभागृहात मागच्या रांगांत बसलेली काही मुलं ॲनिमेशन शिकतात, काही रोज सकाळी साडेसातच्या लोकलने अंधेरीच्या स्टुडिओत जातात. त्यांनी दाखवलेल्या वह्या मी बघतो. खलनायकाचं पान आलं की शिंगं, कवट्या, लाल डोळे, साखळ्या. हे सगळं दुसऱ्यांच्या खेळांतून आलेलं असतं आणि काळं भरून बघितलं तर एकाची सावली दुसऱ्यासारखी दिसते. माझं त्यांना सांगणं आहे की रंग लावायच्या आधी एका ओळीत लिहा, हा कशानं हरतो. ते ठरलं की आकार आपोआप सुचू लागतो, कारण ती जागा दिसायला हवी, आणि बाकीचं अंग तिच्याभोवती उभं राहायला हवं.

आणि एक करा. दिव्याहून सावंतवाडीला जाणारी गाडी आहे, तिने कुडाळला उतरा. तिथून जवळच पिंगुळीला ठाकर समाजाची कलावंत मंडळी चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी आजही सादर करतात. परशुराम गंगावणे यांना या कामासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. तिथे पडद्यामागे बसा, पुढे नका बसू. दिव्याजवळ बाहुली नेली की सावली मोठी आणि पातळ होते, पडद्याला टेकवली की लहान आणि ठाशीव. रावण कधी मोठा करायचा आणि कधी टेकवायचा हे हाताला माहीत असतं, संगणकाला ते शिकवावं लागतं. तिथले हात बघून या, वह्या बरोबर न्या, आणि परत आल्यावर मला दाखवा.

प्रश्नांसाठी वेळ ठेवला आहे. मुलांचे प्रश्न आधी घेऊ.